मासा थंड रक्ताचा असला तरी प्रतिपिंडे बनवतो: एका व्हॉट्सॲप मजकुराला उत्तर

सांगोला, मंगळवेढा, माढा या भागांत शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सतत पुढे पाठवला जात आहे. त्यातील विधाने अशी: मासा थंड रक्ताचा असल्याने त्याच्या शरीरात अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, तयार होत नाहीत, म्हणून माशांच्या विषाणूरोगावरील लस ही फसवणूक आहे, पाणी थंड झाले की विषाणू आपोआप मरतो, आणि रोगातून वाचलेले मासे विषाणूमुक्त असल्याने ते खुशाल दुसऱ्या तळ्यात सोडावेत. शेवटचा सल्ला पाळणाऱ्याचे अख्खे तळे हातचे जाऊ शकते, म्हणून याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान मुळातच चूक आहे. शार्क, रोहू, बेडूक, साप, कासव, अशा जबडा असलेल्या जवळजवळ सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत प्रतिपिंडे तयार होतात. माशाला आपल्यासारखा रक्तपेशी बनवणारा अस्थिमज्जा नसतो आणि लसिकाग्रंथीही नसतात; ते काम त्याच्या मूत्रपिंडाचा पुढचा भाग आणि प्लीहा करतात. माणसाच्या रक्तातील आयजीएम हे प्रतिपिंड पाच घटकांचे असते, तर बहुतेक हाडांच्या माशांत ते चार घटकांचे असते. शिवाय २००५ मध्ये ट्राउट आणि झेब्राफिश या माशांत आयजीटी हा वेगळाच प्रकार सापडला, जो आतडे, कल्ले आणि त्वचेवरील बुळबुळीत थरात रक्षणाचे काम करतो. गैरसमजाचे मूळ बहुधा कोळंबीत असावे. कोळंबी अपृष्ठवंशी आहे आणि तिच्यात प्रतिपिंडे खरोखरच नसतात. पण तिचा नियम रोहू-कटल्याला लावता येत नाही.

दुसऱ्या विधानाला प्रयोगांनीच उत्तर दिलेले आहे. व्हीएचएस या विषाणूरोगातून वाचलेल्या ट्राउटचा रक्तद्रव निरोगी ट्राउटला टोचला असता त्या माशालाही रोगापासून संरक्षण मिळाले. म्हणजे संरक्षण करणारा घटक रक्तद्रवातच होता: प्रतिपिंडे विषाणूला चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत, आणि या विषाणूच्या बाबतीत त्यांना रक्तातील पूरक प्रथिनांचीही (प्रतिपिंडांच्या कामाला जोड देणाऱ्या प्रथिनांची) साथ लागते. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण चिलापीचे, म्हणजे तिलापियाचे, आहे. उजनीत मुबलक सापडणाऱ्या या माशाला होणाऱ्या तिलापिया लेक विषाणूची ओळख २०१४ मध्ये इस्रायलमधून झाली आणि २०१८ मध्ये भारतातूनही त्याची नोंद प्रसिद्ध झाली. या रोगातून वाचलेले चिलापी दुसऱ्या संसर्गाला दाद देत नाहीत, त्यांच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळतात आणि मादीकडून ती पिल्लांपर्यंतही पोहोचतात. एखाद्या रोगावरची लस आपल्या बाजारात मिळते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. पण माशावर लस चालतच नाही, हे म्हणणे टिकत नाही.

तापमानाचा मुद्दा मात्र खरोखर महत्त्वाचा आहे, आणि मजकुराने तो नेमका उलटा मांडला आहे. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते आणि त्याबरोबर प्रतिपिंडे तयार होण्याचा वेगही बदलतो. कार्प माशाला उबदार पाण्यात लस दिली तर प्रतिसाद लवकर दिसतो; पाणी बरेच थंड असेल तर तोच प्रतिसाद कित्येक आठवडे लांबतो किंवा अगदी दुबळा राहतो, कारण प्रतिपिंडे बनवण्यास मदत करणाऱ्या टी-पेशी थंडीत मंदावतात. म्हणजे पाणी थंड झाल्यावर विषाणूच्या आधी माशाचीच बाजू लंगडी पडण्याचा धोका असतो. विषाणूंनाही आपापले तापमान असते. व्हीएचएस १५ अंश सेल्सियसच्या खालच्या पाण्यातच अधिक घातक ठरतो, कार्प माशांना होणारा कोई हर्पेस हा विषाणू साधारण १६ ते २८ अंशांत रोग घडवतो, तर तिलापिया लेक विषाणूचे उद्रेक २२ ते ३२ अंशांच्या पाण्यात नोंदले गेले आहेत. कोई हर्पेस झालेल्या कार्पना वेगवेगळ्या तापमानांचे कप्पे असलेल्या टाकीत ठेवले असता ते ३२ अंशांच्या कप्प्याकडे गेले आणि तगले, असे प्रयोगात दिसले आहे. आजारी मासा स्वतः ऊब शोधतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. थंडीच्या भरवशावर राहणाऱ्या शेतकऱ्याने ती लक्षात घ्यावी.

चौथे विधान सर्वांत घातक आहे. ते पहिल्या विधानाशीही जुळत नाही, कारण प्रतिपिंडेच नसतील तर मासा विषाणूमुक्त झाला कसा, याचे उत्तर मजकुरात नाही. वस्तुस्थिती अशी की प्रतिपिंडे रक्तात असूनही काही विषाणू शरीरात दडून राहतात. सायप्रिनस म्हणून आपण तळ्यात सोडतो त्या कॉमन कार्पमध्ये कोई हर्पेस असाच सुप्त राहतो; वरून धडधाकट दिसणारा मासा ताण किंवा पाण्याच्या तापमानातील बदलानंतर पुन्हा विषाणू बाहेर टाकू लागतो, आणि ज्यांच्यात प्रतिपिंडे नाहीत असे नवे मासे त्याला बळी पडतात. प्रतिपिंडे वाहक माशाला वाचवतात; शेजारच्या माशाला त्यांचा उपयोग नाही. म्हणून रोग येऊन गेलेल्या तळ्यातले मासे किंवा बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) दुसऱ्या तळ्यात हलवू नयेत, आणि बाहेरून बीज आणताना ते कोणत्या तळ्यातून आले व तिथे पूर्वी मरतूक झाली होती का, हे विचारून घ्यावे. सुप्त अवस्थेतील विषाणू इतका कमी असू शकतो की विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीतही तो सुटतो. अशा वेळी प्रयोगशाळा माशाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते, कारण ती सापडली तर मासा पूर्वी कधीतरी त्या विषाणूच्या संपर्कात येऊन गेला आहे हे कळते.