जुने जन्मदाखले रद्द झालेले नाहीत

पंचवटी-सिडकोतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'महापालिकेचं काम संगणकावर गेलं, हाताने लिहिलेले जन्मदाखले बाद. नवा डिजिटल काढा, नाहीतर आधार बंद.' परवा मीही तो पुढे पाठवला. चूक झाली, माफ करा.

काल कायद्यातली मूळ दुरुस्ती वाचली. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. त्यात २०२३ साली झालेला बदल १ ऑक्टोबर २०२३पासून लागू आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल. आधी जन्मलेल्यांचे दाखले रद्द करणारं कलम त्यात कुठेच नाही. देशभरातल्या नोंदी एका डेटाबेसमध्ये जोडायच्या आहेत, हातातले कागद बाद करायचे नाहीत.

शेजारच्या काकूंनी मुलाचा १९९४चा दाखला दाखवला. घडीवर विरलाय, पण शिक्का अजून स्पष्ट आहे. आणि नव्या दाखल्यासाठी काकू एजंटाला पैसे द्यायला निघाल्या होत्या! तो दाखला आजही चालतो. नावात चूक असेल तर मात्र जिथे नोंद झाली त्याच कार्यालयात दुरुस्त करून घ्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा पाठवा.