मीटरवर शून्य आलं म्हणजे गॅस नाही?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्याजवळच्या जुन्या कचऱ्यावर मीटर फिरवला तर शून्य आलं, मग मिथेनचा एवढा बाऊ कशाला. आणि असलाच गॅस, तर ब्लोअर, म्हणजे गॅस ओढणारा पंखा, पूर्ण जोरात लावून ओढून घ्या.

तो मीटर बहुधा एलईएल टक्क्यांचा असावा. एलईएल म्हणजे गॅस पेटायला हवेत लागणारं किमान प्रमाण. हवेत मिथेन ५ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. हा मीटर त्या ५ टक्क्यांचे शंभर भाग करतो, म्हणजे पडद्यावरचा १ हा आकडाच ५०० पीपीएमचा (दहा लाख भागांत ५०० भाग). त्याखालची गळती त्याला दिसणार कशी? २०१६च्या घनकचरा नियमांतली मर्यादा, एलईएलच्या २५ टक्के, ही स्फोट टळावा म्हणून ठरवलेली. गळती शोधायला पीपीएम दाखवणारा लेझर किंवा एफआयडी (ज्योतीवर गॅस ओळखणारा) मीटर घ्या. वारा पडलेला असताना, नळी जमिनीपासून ५ ते १० सेंटीमीटरवर धरून, ३० मीटर अंतराच्या पट्ट्यांनी चाला. भेगा, उताराची कड, करपलेलं गवत, गॅस ओढायला कचऱ्यात खणलेल्या विहिरीच्या पाइपाभोवतीची माती, इथे मुद्दाम थांबा. विहिरीच्या आत मात्र इन्फ्रारेड मीटरच. साध्या एलईएल सेन्सरला गॅस जाळायला ऑक्सिजन लागतो, तो आत जवळजवळ नसतो, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो.

आता ब्लोअर. कचऱ्यात तयार होतो त्याहून जास्त गॅस ओढलात, तर कमी पडलेली जागा वरून शिरणारी हवा भरते. आधी नायट्रोजन वाढतो, मिथेन ५० टक्क्यांवरून उतरू लागतो, मग ऑक्सिजन ५ टक्क्यांवर आणि तापमान ५५ अंशांवर जातं. कार्बन मोनॉक्साइड १,००० पीपीएम ओलांडला तर आत कचरा धुमसतोय असंच धरा आणि त्या विहिरीचा व्हॉल्व्ह बंद करा. एरवी व्हॉल्व्ह किंचितच फिरवायचा, विहीर स्थिरावू द्यायची, पुन्हा मोजायचं. प्रत्येक विहिरीचं वेगळं.

आपल्याकडे खरा घोळ पावसाळ्यात होतो. लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी, चढून विहिरीतल्या पाइपाची भोकं बुडतात. ओढ दिसते, प्रवाह मात्र शून्य. कचरा खचला की आडव्या पाइपाला पोट येतं, त्यात पाणी साचतं आणि दाबमापीचा काटा थरथरतो. उतार नीट करून पाणी काढणारा सापळा बसवल्याशिवाय ब्लोअरचा जोर वाढवण्यात अर्थ नाही.

एका वेळच्या मोजणीवर विसंबू नये, हे तुमचं म्हणणं मात्र पटलं. हवेचा दाब उतरताना गळती वाढते, तेव्हा नोंदीत दाबही लिहायला हवा. आणि जुलैत वरची माती भिजून गच्च झाली की गॅस आडवा सरकतो. त्या दिवसांत उताराखालच्या गटारांचे चेंबरही तपासा. तिथे प्रश्न स्फोटाचा, म्हणून तुमचा एलईएल मीटरच कामाचा.