‘स्टार टुर्स’ ही पहिली मोशन सिम्युलेटर राइड नव्हे

‘जगातील पहिली मोशन सिम्युलेटर राइड (पडद्यावरील चित्राबरोबर बैठक हलवून प्रवासाचा भास देणारा खेळ) डिस्नेने १९८७ मध्ये बांधली, तिचे यंत्रही स्वतःच शोधून काढले आणि पुढे तेच तंत्र वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी उचलले गेले,’ असा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले त्यांचे श्रेय त्यामुळे हिरावले जाते.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये ‘स्टार टुर्स’ ही डिस्नेची राइड ९ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली, एवढे खरे. परंतु १९८५ मध्येच टोरोंटोच्या सीएन टॉवरच्या पायथ्याशी ‘टूर ऑफ द युनिव्हर्स’ लोकांना कृत्रिम अंतराळप्रवास घडवत होती. त्याच्याही कितीतरी आधी, १९०५ मध्ये, कॅन्सस सिटीचे माजी अग्निशमन प्रमुख जॉर्ज हेल यांनी प्रेक्षकांना रेल्वेच्या डब्यात बसवून, समोर धावत्या गाडीतून टिपलेले चित्रण दाखवून डबा हलवण्याची व्यवस्था केली होती.

यंत्राची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सहा पायांवर तोललेला आणि सहाही प्रकारे (तीन दिशांना सरकून आणि तीन अक्षांभोवती फिरून) हलू शकणारा मंच ही कल्पना टायरच्या चाचण्यांतून आली. एरिक गॉफ यांनी डनलॉप कंपनीत १९५० च्या दशकात तसे यंत्र उभारले, तर डी. स्ट्युअर्ट यांनी १९६५ मध्ये अशाच सहा पायांच्या मंचाची कल्पना विमान सिम्युलेटरसाठी मांडली. ‘स्टार टुर्स’चे ४० आसनी कक्ष डिस्नेने विमान सिम्युलेटर बनवणाऱ्या रेडिफ्यूजन या ब्रिटिश कंपनीकडूनच घेतले. असा कक्ष प्रत्यक्षात काही फुटांपलीकडे सरकत नाही. पडद्यावर यान वेग घेते त्या क्षणी तो हळूच मागे कलतो, आपलेच वजन पाठीवर येते, आणि बाहेरचे क्षितिज दिसत नसल्यामुळे आतल्या कानाला ते कलणे न वाटता वेग वाढल्यासारखे वाटते. हा परिणाम चित्राशी अचूक जुळवून त्यातून कथा उभी करणे ही मात्र डिस्नेची खरी कामगिरी होती, आणि ती मोठी होती.

तिसऱ्या विधानात काळाचा क्रमच उलटा लावला आहे. न्यूयॉर्क राज्यातील एडविन लिंक यांनी वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यातील भाते वापरून १९२९ मध्ये विमान प्रशिक्षणाचे यंत्र घडवले. सुरुवातीचे गिऱ्हाईक बव्हंशी करमणुकीच्या बागांचेच होते. मात्र १९३४ मध्ये हवाई टपाल वाहताना वैमानिक अपघातांत दगावू लागले, तेव्हा अमेरिकी लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली.