बार्बरी सिंह खरंच ‘परत आला’ का?

२०२५ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या द्वूर क्रालोवे प्राणिसंग्रहालयात सिंहाचे चार बछडे जन्मले. तेव्हापासून एक फॉरवर्ड फिरतोय : ‘नामशेष बार्बरी सिंह शास्त्रज्ञांनी डीएनएच्या जोरावर परत आणला. काळी, पोटापर्यंत पोचणारी आयाळ हाच पुरावा. लवकरच मोरोक्कोच्या जंगलात!’ बार्बरी म्हणजे एकेकाळी उत्तर आफ्रिकेत असलेला सिंह. बछडे खरे आहेत. बाकीचं बघू.

आयाळीचं आधी उरकून टाकतो. ती हवामानानुसार बदलते. थंड देशात ठेवलेल्या कुठल्याही सिंहाची आयाळ दाट वाढते.

‘डीएनएने सिद्ध झालं.’ काय सिद्ध झालं? हे बछडे मोरोक्कोच्या सुलतानांच्या कळपाचे वंशज मानले जातात. अ‍ॅटलास डोंगरातल्या टोळ्या सुलतानाला सिंह नजराणा द्यायच्या, असं सांगतात. पुढे तो कळप रबातजवळच्या प्राणिसंग्रहालयात आला आणि तिथून युरोपभर पांगला. मध्ये कुठला परका सिंह मिसळला नाही, याची हमी देणारी अखंड वंशावळ नाही. मग ताडून बघायला अस्सल नमुना हवा. असा एक मिळाला तो चक्क लंडनमध्ये! टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात १९३० च्या दशकात सिंहांच्या कवट्या सापडल्या. त्यातली एक १२८० ते १३८५ या काळातली. इंग्लंडच्या राजाच्या पिंजऱ्यातले ते सिंह उत्तर आफ्रिकेचे होते, हे मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून कळलं. पण हा डीएनए फक्त आईकडून येतो. आजच्या बछड्यांचा तो जुळला, तरी बाप-आजोबा कुठले हे त्यातून कळणार नाही. आणि ‘परत आणला’ म्हणावं असं प्रयोगशाळेत काही घडलेलंच नाही. आईबाप एकत्र ठेवले, पिल्लं झाली.

त्यातही गंमत म्हणजे ‘हरवलेली उपजात’ हेच आता टिकत नाही. २०१७ च्या वर्गीकरणात बार्बरी, पश्चिम व मध्य आफ्रिकेतले आणि आपल्या गीरचे सिंह एकाच उपजातीत घातलेत. सासणला सफारी करून आलेल्या प्रत्येकाने ही उपजात पाहिलेली आहे. नाहीसे झाले ते उत्तर आफ्रिकेच्या जंगलातले सिंह. नुकसान मोठंच, पण ते वेगळं.

राहता राहिलं जंगल. मोरोक्कोत शेवटची नोंदलेली शिकार १९४२ ची. त्यानंतर तिथे सिंहाचं भक्ष्य घटलं, डोंगरउतारांवर मेंढ्या चरतात. सिंह सोडला तर पहिला हात कशावर मारेल? संग्रहालयवाले स्वतः प्राथमिक हालचालींपलीकडे काही सांगत नाहीत. ‘लवकरच’ हा शब्द फॉरवर्डवाल्याचा.