परमिट नको, म्हणजे नियमच नकोत?

छोट्या टेम्पोवाल्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय: ‘तीन टनांपर्यंत माल नेणाऱ्या गाडीला परमिट लागत नाही. म्हणून पासिंग, ओव्हरलोड हे नियम आपल्याला नाहीत. मागची ट्रॉली तर गाडीत धरतच नाहीत. आणि लायसन्स कारचं चालतं.’

परमिटची सूट खरी आहे. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 66. पण ते 3,000 किलो नुसत्या मालाचे नाहीत, गाडी आणि माल मिळून आहेत. गाडी रिकामी 1,400 किलो भरत असेल तर मालाला उरतात 1,600. आणि आरसीवर हे एकूण, म्हणजे ग्रॉस वजन 3,000 च्या वर असेल, तर त्या डिझेल पिकअपमध्ये चार पोती का असेनात, परमिट लागतंच.

ओव्हरलोडचा परमिटशी काही संबंध नाही. कलम 194 प्रमाणे दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000, शिवाय माल उतरवायचा खर्च. जादा माल खाली केल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. ‘ड्रायव्हरने भरला, मला काय माहीत’ हेही चालत नाही. मालकाच्या माहितीनेच हे झालं असं कोर्ट गृहीत धरू शकतं. दोन खेपांचं डिझेल वाचवायला एका खेपेत सगळं भरणाऱ्यांनी हा हिशेब मांडून बघावा. मोह मला कळतो, भाडी परवडतच नाहीत. पण ब्रेक जास्तीच्या वजनासाठी बनवलेले नसतात.

पासिंगचं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का या फिटनेस तपासणीचंही तसंच. कलम 56 सांगतं की फिटनेस नसेल तर मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ही तपासणी दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

ट्रॉलीबद्दलचा दावा सगळ्यात घातक. कायद्यातल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॉलीतून भाड्याने वाळू-विटा वाहिल्या आणि अपघात झाला, तर विमा कंपनी वापर बदलल्याचं कारण पुढे करते, आणि भरपाईची वसुली मालकाच्या दारात येऊ शकते. उसाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात रस्त्याकडेला उभी असते. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ती दिसणार कशी?

लायसन्सचं मात्र बरोबर आहे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या, म्हणजे कारच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतच्या ग्रॉस वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. या एका कारणावरून कुणी विम्याचा दावा अडवला, तर हाच निकाल दाखवा.