हसून झालं असेल तर वाचा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी सायबर फसवणुकीपासून सावध राहा असा फॉरवर्ड टाकला, चांगला होता, आणि त्याच्याखाली जे काही सुरू झालं ते वाचून पोह्यांचा घास तोंडातच राहिला माझा. "एवढी शिकलेली माणसं फसतातच कशी", "लोभ नडतो, दुसरं काय", "म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर द्यायचाच कशाला", आणि एका महाशयांनी तर "नको ते बघायला गेलं की असंच होणार" लिहून पुढे हसून हसून रडणाऱ्या इमोजींची रांगच लावली. तिथेच उत्तर देणार होते. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. पण अर्धे लोक पार्किंगवरून आधीच माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून इथे लिहितेय. लांब होणारे, आधीच सांगते.

त्याच ग्रुपमध्ये एक काकू आहेत आणि त्या हे सगळं वाचत होत्या. त्यांना विचारूनच लिहितेय. "लिही, पण मी कोण ते कळता कामा नये" म्हणाल्या. आयुष्यभर नोकरी केलेली बाई, स्वतःचा इन्कम टॅक्स स्वतः भरणारी, लाइटबिल ऑनलाइन भरून वर प्रिंट काढून फाइलला लावणारी. आणि नको ते काय बघत होत्या सांगू? विष्णुसहस्रनामाची मोठ्या अक्षरातली पीडीएफ शोधत होत्या. बास. झालं समाधान?

डाउनलोड लिहिलेलं हिरवं बटण दाबलं (ती जाहिरात असते, खरं बटण खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतं) आणि सगळा स्क्रीन निळा-लाल, सायरन, इंग्रजीत एक बाई ओरडतेय की तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, बंद करू नका, या नंबरला फोन करा, वर मायक्रोसॉफ्टचं नाव आणि चिन्ह. दुपारची वेळ, घरात एकट्या. लावला फोन. पलीकडून अतिशय अदबीने मॅडम मॅडम करत हिंदीत बोलणारा माणूस. त्याने आधी स्क्रीन दिसायचं एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं, मग इव्हेंट व्ह्यूअर (मशीनमधल्या घडामोडींची विंडोजने ठेवलेली नोंदवही) उघडून दाखवला, त्यात लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण, "बघा मॅडम किती व्हायरस". अहो तो इव्हेंट व्ह्यूअर कोणाच्याही मशीनवर उघडा, माझ्याही, ढिगाने लाल खुणा दिसतात, बहुतेकदा कुठली तरी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, असलाच किरकोळ अर्थ असतो त्यांचा. पण हे काकूंना कोण सांगणार? मी एमएस-सीआयटीच्या बॅचेस घेते, मुलांना फॉर्म्युले आणि मेल मर्ज शिकवते, ही गोष्ट आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेली नाही.

आता ज्याला त्याला सांगा म्हणून लिहिते. तो ओरडणारा स्क्रीन म्हणजे व्हायरस नसतो. ते निव्वळ एक वेबपेज असतं, ब्राउझर फुल स्क्रीन करून बसलेलं. तोपर्यंत काहीही झालेलं नसतं, जे काही होतं ते तुम्ही फोन लावल्यावर होतं. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, ब्राउझर बंद करा. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरून मशीन सरळ बंद, आणि परत चालू केल्यावर ब्राउझरने "मागची पानं उघडू का" विचारलं तर नाही म्हणायचं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

तर पहिल्या दिवशी पैसे गेले ते तसे थोडे. सर्व्हिसची फी म्हणून त्याने नेटबँकिंग उघडायला लावलं, पासवर्ड टाइप करताना तो सगळं बघत होता, ओटीपीही त्यालाच सांगितला. संध्याकाळी बँकेचा मेसेज नीट वाचला तेव्हा काकूंना कळलं की सांगितल्यापेक्षा जास्त गेलेत. कळलं होतं त्यांना. त्याच संध्याकाळी. मी वरच्याच मजल्यावर होते, भाजी निवडत बसले असेन. नाही आल्या. मुलाला फोन नाही केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस "रिफंड द्यायचाय मॅडम" म्हणून परत फोनवर आला, आणि एफडी मोडून जे गेलं ते खरं गेलं. आकडा लिहीत नाही.

मला कधी कळलं, तर बऱ्याच दिवसांनी, जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं, ते स्क्रीन दिसायचं सॉफ्टवेअर असतं ते काढून कसं टाकायचं?" एवढंच. मग हळूहळू सगळं निघालं. मी विचारलं, काकू, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, "मुलगा ओरडला असता गं. तुला काही कळत नाही म्हणून हात लावू नको सांगितलं होतं ना, असं म्हणाला असता."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये माझ्या. त्या भामट्याला काकूंचं काय माहीत होतं? काही नाही. पण घरी ओरडा बसेल म्हणून ही बाई कोणाला सांगणार नाही, यावर त्याचा अख्खा धंदा चालतो आणि आपण ग्रुपवर हसून त्याला मदत करतोय. आजच्या त्या इमोजीनंतर आपल्या बिल्डिंगमधली अजून किती माणसं गप्प बसणार आहेत?

आणि "शिकलेली माणसं" म्हणे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यातल्याच कॉसमॉस बँकेच्या सिस्टिममध्ये मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) घालून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी काढले होते, बरेचसे जगभरच्या एटीएममधून. तिथे शिकलेली माणसं नव्हती का? सर्व्हर होते, आयटी डिपार्टमेंट होतं, ऑडिट होतं. तेव्हा नाही कोणी हसलं. काकूंकडे काय होतं, बुधवार पेठेतून घेतलेलं एक जुनं मशीन.

त्या मशीनविषयी पण बोलायचंय, आता निघालंच आहे तर. मी उघडून बघितलं तर विंडोज क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता अ‍ॅक्टिव्हेटर नावाच्या सॉफ्टवेअरने फुकट चालू केलेलं. मुलगा मागच्या वेळी सुट्टीवर आला तेव्हा "आई तुला काय करायचंय ओरिजिनल" म्हणून टाकून गेला होता. हे अ‍ॅक्टिव्हेटर चालवायच्या आधी डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बंद करा असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि आपण ते मुकाट्याने बंद करतो! दाराचं कुलूप काढून चोरालाच विचारतो की आत यायला अजून काही अडचण नाही ना. शिवाय अ‍ॅक्टिव्हेशन उडू नये म्हणून अपडेट बंद. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आला होता आठवतंय? इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांनी अपॉइंटमेंट रद्द केल्या होत्या त्यामुळे. त्याच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती, लोकांनी अपडेट मारलं नव्हतं. बरं, आता विंडोज १० चा सपोर्टच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरच्या मशीनसाठी वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय काढली होती, पण ती नाव नोंदवल्याशिवाय मिळत नाही, आणि आपल्या किती आईवडिलांना कोणी ते नोंदवून दिलं? काकूंचं मशीन इतकं जुनं की विंडोज ११ त्यावर रीतसर चढत नाही. अमेरिकेतून दर दिवाळीला ड्रायफ्रूटचा बॉक्स येतो, एक साधं लायसन्स येत नाही.

जरा जास्त झालं. मुलगा वाईट नाहीये. त्यालाही तिकडे रात्र असते, नोकरीचं टेन्शन असतं, आणि "आई, इथे क्लिक कर, इथे नाही, तिथे" असं तासभर फोनवर केलंय ज्याने त्यालाच माहीत ते काय असतं. मान्य. आणि काकूंनी नंबर फिरवायला नको होता हेही मान्य, त्या स्वतःच दिवसातून चारदा म्हणतात, आपण अजून काय म्हणायचं.

अजून एक मान्य करते, नाहीतर आयटीवाले येतील कमेंटमध्ये. ओरिजिनल विंडोज असतं, डिफेंडर चालू असतं, काकूंचं अकाउंट अ‍ॅडमिनचं नसून साधं असतं, तरीही हे झालंच असतं. कारण एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असली स्क्रीन दिसायची सॉफ्टवेअर चोरांची नाहीत, मी पण वापरते, त्यातली काही तर इन्स्टॉल न करताही चालतात, आणि अँटिव्हायरस त्यांना सहसा अडवत नाही. काकूंकडे पैसे देऊन घेतलेला अँटिव्हायरस होता, कोपऱ्यात हिरवी टिक दाखवत बसला होता तो सगळा वेळ. त्याची चूक नाही, तुम्ही स्वतःच्या हाताने दार उघडलंत तर तो काय करणार. म्हणून म्हणतेय की मशीन नीट करणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे घरात असं एक तरी माणूस हवं ज्याला दुपारी तीनला फोन करून "अगं, स्क्रीन ओरडतोय" असं न घाबरता सांगता येईल.

वेळेत सांगितलं तर खरंच फरक पडतो, उगीच धीर द्यायला म्हणत नाही. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर. फसवणूक कळली की लगेच लावायचा, पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात उडत असतात, मधेच गोठवता आले तर आले. त्याच वेळी बँकेला कळवायचं आणि तक्रारीचा नंबर घ्यायचा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आता काकूंचे दोन दिवस डोळ्यांसमोर आणा. पहिल्या संध्याकाळी त्यांनी फोन केला असता तर नेट काढलं असतं, पासवर्ड बदलले असते, नेटबँकिंग बंद केलं असतं, आणि त्या रिफंडवाल्याचा फोन मी घेतला असता. फार आवडलं असतं मला तो फोन घ्यायला.

त्यांच्या मशीनवर अजून एक सापडलं जे तुमच्याही घरी असणार. कोपऱ्यातून सारखं वर येणारं "तुमच्या पीसीत पाच व्हायरस" वगैरे. तो व्हायरस नाही, कुठल्यातरी साइटने "मी रोबो नाही हे सांगायला अलाउ दाबा" म्हणलं आणि कोणीतरी दाबलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी असते, त्यातल्या अनोळखी साइट काढून टाका, लगेच शांतता. आणि हल्ली एक नवीनच निघालंय, रोबो नाही हे सिद्ध करायला विंडोज आणि आर दाबा, मग पेस्ट करा, मग एंटर करा असं सांगतात. अजिबात नाही. कुठलीही खरी साइट हे करायला सांगत नाही, तुम्ही तुमच्याच हाताने त्यांची कमांड चालवत असता. बँकेची साइट गूगलवर शोधू नका, पत्ता टाइप करा, आता बँकांना शेवटी डॉट बँक डॉट इन असलेला पत्ता दिलाय रिझर्व्ह बँकेने, तो बघा. फोटो आणि कागदपत्रं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा, लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर आलं की मशीनबरोबरच जाते.

काकूंचं मशीन मी दोन संध्याकाळी बसून पुसून परत उभं केलं. सहस्रनाम डेस्कटॉपवर ठेवलंय, मोठ्या अक्षरात. मुलाला त्यांनी शेवटी सांगितलं, मी शेजारी बसले होते. पलीकडे आधी खूप वेळ शांतता, मग तो म्हणाला, "आई, तू जेवलीस का?" मी उठून किचनमध्ये गेले, पुढचं ऐकलं नाही.

शनिवारी संध्याकाळी पाच ते सात सोसायटीच्या हॉलमध्ये बसतेय. सीपीयू उचलून आणू नका, लॅपटॉप असेल तर आणा, नसेल तर नुसते या, घरी येऊन बघेन. पेनड्राइव्ह मला दाखवल्याशिवाय कुठल्याही मशीनला लावायचा नाही. काय झालं, कसं झालं, किती गेले, हे बाकीच्यांसमोर बोलायची गरज नाही, माझ्या कानात सांगा. चहाची सोय नाही, घरून पिऊन या.