उजवा हात कामात आहे

कॅमेऱ्याचा गळपट्टा मी सोडला तो आजीमुळं. कॉटवर पाय पसरून बसली होती, मी वाकलो आणि गळ्यातला निकॉन माझ्याआधी तिच्या दुखऱ्या गुडघ्याच्या पाया पडला. बेळगावचं बेळगावी झालं त्याच २०१४ सालचा माझा डी ७५०. बॅटरीसकट ८४० ग्रॅम, पुढं २४-१२० ची लेन्स ७१० ग्रॅम. दीड किलोचा नमस्कार कुठल्या आजीला झेपेल?

म्हणून हातपट्टा घेतला. खाली ट्रायपॉडच्या भोकात पाव इंची स्क्रूनं पट्टी आवळायची, तिच्यातनं निघालेला चामडी पट्टा वर उजव्या कडीला अडकवायचा आणि मधल्या फटीत पंजा कोंबायचा. सैल राहिला तर कॅमेरा लोंबतो, जास्त आवळला तर बोट शटरपर्यंत पोचत नाही. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर जमलं. बोटं पसरली तरी कॅमेरा पडेना. हातही सुटेना, पण त्याचं काय होतं ते खानापूरकडं चुलतबहिणीच्या लग्नाला निघाल्यावर कळलं.

धूळ नको म्हणून हातावर, म्हणजे कॅमेऱ्यावर, पंचा गुंडाळला होता. बसमध्ये कंडक्टर हळहळला, "कैगे एनात्री?" हाताला काय झालं, म्हणून. मी "कॅमेरा" म्हणेपर्यंत त्यानं एका तरण्या पोराला उठवून मला जागा दिली होती. बसलो. खोटं काही मी बोललो नव्हतो.

मांडवात मात्र पंचाईत झाली. आपल्याकडं शुभ म्हणून जे काही आहे ते उजव्या हातानं, आणि डीएसएलआरची मूठ, बटणं, सगळं उजवीकडंच. डावीकडं बटण असलेला एसएलआर निघाला होता म्हणे, १९३६ चा जर्मन किने एक्झाक्टा. तो वाण टिकला असता तर माझी अब्रू वाचली असती. अत्तर लावणाऱ्या पोरानं सवयीनं फाया पुढं केला आणि लेन्सच्या टोपणाला अत्तर लावून गेला. अक्षता मी डाव्या हातानं टाकल्या तशी आत्यानं असं बघितलं, की जणू नवऱ्या मुलाला मीच पळवून लावतोय. तेवढ्यात मामा बेळगावहून आणलेला कुंदा घेऊन हजर.

"हात कर रे."

"मामा, डाव्यात द्या की."

"डाव्यात? शुभकार्यात?" म्हणत मामांनी तो तुपाळ गोळा माझा अंगठा आणि पट्टा यांच्या फटीत सारला. चाटायला गेलो तर फ्लॅश उघडला.

तिसऱ्या मंगलाष्टकाला बॅटरी संपली. दुसरी बॅटरी खिशात होती, पण बॅटरीचं दार नेमकं त्या पट्टीखाली. पट्टी काढायला स्क्रू फिरवायचा आणि त्याच्या खाचेत नाणं लागतं. मांडवभर विचारत फिरलो. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल, नाणं एकाकडं नाही. शेवटी मामांच्या हातातलं आहेराचं पाकीट दिसलं, वर एक रुपया चिकटवलेलं. नखानं खरवडून काढला.

"अरे, तो पाचशे एकचा आहे!"

"आत्ता देतो मामा, एक मिनिट."

स्क्रूला कुंद्याचं तूप लागलेलं, नाणं घसरतंय, वर भटजींचा शेवटचा "सावधान". दार उघडलं, बॅटरी बसली, कॅमेरा उचलला तेव्हा अंतरपाटाची घडी घालून झाली होती. घडीचा फोटो मात्र सुरेख आलाय.

आहेराच्या वहीत मामांच्या नावापुढं ठळक अक्षरात लागलं, "५०० फक्त". टिळकवाडीहून त्यांचा फोन अजून येतो. "फोटो दे नाहीतर देऊ नको, माझा रुपया तेवढा आणून दे."

कुठनं देऊ? तो कॅमेऱ्याच्या बॅगेतच ठेवलाय. स्क्रूच्या खाचेत दुसरं नाणं नीट बसत नाही.